गंजणारी युद्धनौका आणि सरकारी तिजोरी: वाचकांचे प्रश्न

जुन्या युद्धनौका सरकारी पैशाने जपाव्यात का, आणि जपायच्या तर तो पैसा नेमका कशावर लागतो, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत.

विक्रांत ही आपली जुनी विमानवाहू नौका २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात गेली. सरकारने एवढ्या रकमेवर पाणी सोडले असते, तर ती आज मुंबईत उभी असती. एवढेही आपल्याला का जमले नाही?
एक वाचक, गिरगाव

साठ कोटी ही लोखंडाची किंमत होती. ती सोडून दिली असती तर जहाज पाण्यात राहिले असते, वाचले नसते. पाण्यात राहणे आणि वाचणे यांतला फरक बहुतेक सरकारी चर्चांमध्ये सुटतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

विक्रांत ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. १९७१ च्या डिसेंबरात तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव बंदरांवर हल्ले केले होते. एवढ्या मोलाची नौका २००१ पासून संग्रहालय म्हणून मुंबईत होती आणि २०१२ मध्ये ती लोकांसाठी असुरक्षित ठरवून बंद झाली. म्हणजे निवृत्तीनंतर पंधरा वर्षे खाऱ्या पाण्यात. त्या काळात तिला बांधून ठेवायला बंदरात कायमचा धक्का मिळाला नाही, आणि दर वर्षी ठरलेली रक्कम देईन असे लिहून देणारा धनीही मिळाला नाही. नौदलाने चालत्या नौका सांभाळायच्या की निवृत्त, हा प्रश्न रास्त होता. राज्य सरकारने उच्च न्यायालयात आपली असमर्थता सांगितली. उच्च न्यायालयाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तोडकाम सुरू झाले. न्यायालयात गेलेले लोक मनापासून झगडले. पण न्यायालय स्थगिती देऊ शकते, गोदीचे बिल भरू शकत नाही. लढायचे होते ते १९९७ मध्ये, अर्थसंकल्पातल्या एका कायमच्या ओळीसाठी.

कायद्याचाही आधार नव्हता. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा, दोन्हींत साधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. पोलादी युद्धनौका कुणी काळजी घेतल्याशिवाय शंभर वर्षे टिकत नाही. म्हणून तिला संरक्षण मिळायचे तर ते निवृत्तीच्या दिवशीच मिळायला हवे.

मी मेकॅनिकलला शिकतो. मालवाहू जहाजे पंचवीस-तीस वर्षे समुद्रात धावतात. मग धक्क्याला नुसती बांधून ठेवलेली नौका इतक्या लवकर का कुजते?
एक विद्यार्थी, नाशिक

कारण ती नुसती बांधून ठेवलेली असते! धावते जहाज ठरावीक वर्षांनी सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, जाते. तिथे तळ घासला जातो, रंग नवा होतो, जस्ताचे ठोकळे बदलतात. संग्रहालय झालेली नौका या चक्रातून बाहेर पडते.

उघडे पोलाद समुद्राच्या पाण्यात सरासरीने वर्षाला साधारण ०.१ मिलिमीटर झिजते. हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका. बारा मिलिमीटरचा पत्रा शंभर वर्षे पुरेल असा हिशेब चुकतो, कारण झीज सारखी नसते. रंग जिथे उडालेला असतो तिथे खड्डे पडतात आणि खड्डा सरासरीच्या कितीतरी पट वेगाने खोल जातो. सर्वांत वाईट पट्टा पाणरेषेचा. तिथे पत्रा सतत ओला-कोरडा होतो आणि प्राणवायूही भरपूर मिळतो. नौका गाळात रुतलेली असेल तर खालच्या बाजूला प्राणवायूविना जगणारे जिवाणू गंधकाची संयुगे तयार करून पोलाद खातात. कांशाचे पंखे पोलादी तळाला जोडलेले असतात, तिथे विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजायची पाळी पोलादाची येते. किनाऱ्यावरून वीज घेताना अर्थिंग चुकले तर भटक्या प्रवाहाने होणारी झीज या सगळ्याला मागे टाकते.

हे बाहेरचे झाले. आम्हाला जास्त धास्ती आतल्या बाजूची वाटते. डेकवरून झिरपलेले पावसाचे पाणी, पाइपांतून ठिबकणारे पाणी आणि जुने तेल बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या सर्वांत खालच्या पोकळीत, साचते. तिथे माणूस आडवा होऊनच शिरू शकतो, काही टाक्या तर दशकानुदशके उघडलेल्याच नसतात. पत्रा बाहेरून रंगवलेला दिसतो आणि आतून पातळ होत राहतो. रिव्हेटच्या जुन्या जहाजांत आणखी एक भर पडते. दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. सांधा फुगतो, रिव्हेटची डोकी तुटून पडतात.

उपाय महाग नाही, पण न चुकता करावा लागतो. तळाला जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे जोडायचे, म्हणजे पोलादाऐवजी ते झिजतात. हिशेब करून पाहा. उघड्या पोलादाला चौरस मीटरमागे साधारण १०० मिलिअँपिअर संरक्षक (ठोकळ्यांतून मिळणारा, गंज थोपवणारा) विद्युतप्रवाह धरला, तर १०० चौरस मीटरला १० अँपिअर लागतात. वर्षाचे ८,७६० तास धरून ८७,६०० अँपिअर-तास झाले. जस्त किलोमागे सुमारे ७८० अँपिअर-तास देते, म्हणजे वर्षाला ११२ किलो जस्त लागेल. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू किलोमागे अंदाजे २,५०० देतो, त्यामुळे तो ३५ किलो पुरतो. रंग चांगला असेल तर गरज पाचव्या-दहाव्या हिश्श्यावर येते. संदर्भासाठी चांदी-चांदीक्लोराइडचा इलेक्ट्रोड पाण्यात सोडून तळाच्या पोलादाचा विभव (विद्युत दाब) मोजावा. उणे ०.८० व्होल्ट किंवा त्याहून अधिक ऋण असेल तर पोलाद सुरक्षित आहे. उणे १.१० च्या पलीकडे गेले तर रंगालाच फोड येऊ लागतात. हे मोजमाप दर महिन्याला व्हायला हवे. त्याला एक मीटर, एक होडी आणि वही ठेवणारा माणूस पुरतो.

मी ह्यूस्टनजवळ राहते. आमच्याकडची यूएसएस टेक्सास वाचवण्यासाठी दर काही वर्षांनी सरकारी पैसा मागितला जातो. एकदाच भरपूर देऊन प्रश्न मिटत का नाही?
एक वाचक, ह्यूस्टन

टेक्सासची कहाणी या विषयाचा उत्तम धडा आहे, कारण तिथे पैसा मिळाला आणि तरीही नौका अनेकदा बुडण्याच्या बेतात आली.

ही नौका १९१२ मध्ये पाण्यात उतरली आणि १९१४ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली. दोन्ही महायुद्धांत ती होती. १९४४ मध्ये नॉर्मंडी आणि शेरबुर्गसमोर तिच्या १४ इंची तोफा चालल्या. २१ एप्रिल १९४८ रोजी ती टेक्सास राज्याच्या ताब्यात आली आणि सॅन जॅसिंटोच्या रणभूमीशेजारी उभी राहिली. लोकवर्गणी जमली, स्वागत थाटात झाले. पुढची चाळीस वर्षे मात्र ती एकदाही सुक्या गोदीत गेली नाही. लाकडी डेक कुजला तेव्हा नवे लाकूड परवडेना, म्हणून १९६८ मध्ये त्या जागी काँक्रीट ओतले गेले. या निर्णयाकडे जरा थांबून पाहावे. काँक्रीटला भेगा पडल्या, भेगांतून पावसाचे पाणी खाली गेले, आणि ते वाळायला वाट उरली नाही. स्वस्त उपायाने आतला गंज वाढवला.

१९८८ ते १९९० मध्ये गॅल्व्हेस्टनला पहिली मोठी दुरुस्ती झाली. ती संपल्यापासून पुढच्या गोदीपर्यंत पुन्हा ३२ वर्षे गेली. मधल्या काळात २००७ मध्ये मतदारांनी रोख्यांतून अडीच कोटी डॉलर मंजूर केले. बेत होता नौका कायमची कोरड्या धक्क्यावर बसवण्याचा. खर्चाचा अंदाज त्या रकमेत मावेना, म्हणून पैसा आतल्या सांगाड्याच्या दुरुस्तीकडे वळवावा लागला. २०१२ मध्ये मोठी गळती झाली. जून २०१७ मध्ये नौका एका बाजूला सुमारे ६ अंश कलली. मिनिटाला २,००० गॅलन, म्हणजे साडेसात हजार लिटर पाणी उपसायची पाळी आली. शेवटी २०१९ मध्ये विधिमंडळाने साडेतीन कोटी डॉलर दिले आणि नौका ९९ वर्षांच्या कराराने एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे सोपवली. मालकी राज्याची, चालवण्याचा भार प्रतिष्ठानाचा, आणि रोजच्या खर्चाला राज्याचा हात आखडता, असा तो सौदा होता. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी ती ओढून गॅल्व्हेस्टनच्या तरत्या गोदीत नेली गेली. ओढण्याआधी बाजूंच्या पोकळ कप्प्यांत फुगणारा फोम भरून गळती आटोक्यात आणली होती. पुढच्या दीड वर्षात ७०० टनांहून अधिक पोलाद बदलले गेले. ५ मार्च २०२४ रोजी ती गोदीतून बाहेर पडली. दरम्यान राज्याला आणखी अडीच कोटी डॉलर घालावे लागले.

एकदाच पैसा देऊन प्रश्न मिटत नाही, कारण गोदीतून बाहेर पडल्या क्षणी झीज पुन्हा सुरू होते. टेक्सास तीस-चाळीस वर्षांनी एकदा गोदीत गेली. ती दर पंधरा वर्षांनी गेली असती, तर प्रत्येक वेळी थोडे पत्रे बदलून भागले असते. तीस वर्षांनी पत्र्याबरोबर त्यामागच्या फासळ्याही गेलेल्या असतात, आणि कामगाराला उभे राहायला मजबूत जागाच सापडत नाही. खर्च तिथे दुप्पट होत नाही, अनेक पट होतो. तुमच्या आमदाराला पुढच्या वेळी भेटलात तर नवे अनुदान मागू नका. पुढच्या गोदीची तारीख कुठली आणि तिच्यासाठी या वर्षी किती रक्कम बाजूला काढली, एवढेच विचारा.

भोक पडले तिथे वरून दुसरा पत्रा वेल्ड केला की झाले. एवढा खर्च दाखवतात कशाला?
एक वाचक, कोल्हापूर

असे ठिगळ तात्पुरते चालते, बुडत्या नौकेला तर लावावेच लागते. पण जुन्या आणि नव्या पत्र्यामध्ये पाणी अडकते आणि आतून गंज वेगाने वाढतो. शिवाय मूळ पत्रा ३ मिलिमीटरच उरला असेल तर वेल्डिंगची काठी त्यातून आरपार जाते. वेल्ड धरायला चांगले पोलाद हवे, म्हणून ठिगळ मोठे-मोठे होत जाते. योग्य रीत अशी: अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने ठरावीक अंतरावर मापे घ्यायची, मूळ जाडीच्या पाव हिश्श्याहून अधिक झीज असलेला पत्रा फासळीपासून फासळीपर्यंत कापायचा आणि नवा बसवायचा. कापण्याआधी त्या टाकीत तेलाची वाफ नाही याचा दाखला घ्यावा लागतो, शिशाचा जुना रंग खरवडावा लागतो, ॲस्बेस्टॉस काढावे लागते. बिलाचा मोठा भाग या कामांचा असतो.

विराट या विमानवाहू नौकेसाठी आपल्या राज्य सरकारने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूर केला होता. तो बारगळला. आता निवतीजवळ आयएनएस गुलदार बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे आहे. हे खरे जतन आहे का?
एक वाचक, वेंगुर्ला

नाही. पण चांगली गोष्ट आहे, फक्त तिला जतन म्हणू नये.

विराट ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निवतीजवळच्या समुद्रात ती काँक्रीटच्या पायावर बसवण्याचा ८५२ कोटींचा, खासगी भागीदारीचा प्रस्ताव मंजूर केला. जुलै २०१९ मध्ये संरक्षण राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी संसदेत सांगितले की स्वतःच्या पायावर उभा राहील असा आर्थिकदृष्ट्या परिपूर्ण प्रस्ताव आला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये विराट तोडण्यासाठी गुजरातेतल्या अलंगला गेली.

त्या अटीतच खरी मेख आहे. एक नमुना हिशेब मांडतो, आकडे केवळ उदाहरणादाखल. गोदीचा खर्च दर १५ वर्षांनी ९० कोटी धरला तर वर्षाला ६ कोटी. कर्मचारी, वीज, पंप, रंग, विमा यांना ८ कोटी. एकूण १४ कोटी. पाच लाख लोकांनी शंभर रुपयांचे तिकीट काढले तर ५ कोटी येतात. खड्डा उरतो ९ कोटींचा. महागाई वजा जाता ३ टक्के परतावा धरला, तर हा खड्डा कायमचा बुजवायला ३०० कोटींचा निधी गुंतवून ठेवावा लागेल. तिकिटावर चालणारी मोठी पोलादी युद्धनौका पाण्यात टिकत नाही, हे प्रस्तावातच लिहून टाकावे. सरकारने ते मान्य करून निधी द्यावा किंवा नौका पाण्याबाहेर काढावी. मधला मार्ग विक्रांतच्या वाटेने जातो.

गुलदार सुमारे ८४ मीटर लांबीची, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका होती. २०२५ च्या फेब्रुवारीत ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे आली. प्रकल्पाला केंद्राकडून ४६.९१ कोटी मंजूर आहेत, आणि ते ज्या योजनेतून आहेत ती राज्यांना भांडवली खर्चासाठी पन्नास वर्षांचे बिनव्याजी कर्ज देणारी योजना आहे. म्हणजे बांधायला पैसा आहे, चालवायला राज्याने स्वतःचा काढायचा आहे. बुडवण्यापूर्वी तेल, हायड्रॉलिक द्रव, केबलींचे आवरण, सुटा रंग, ॲस्बेस्टॉस काढले पाहिजे. पाणबुड्याला आतल्या प्रत्येक ठिकाणाहून बाहेरचा उजेड दिसेल एवढी भोके पाडली पाहिजेत. नौका तळावर सरळ बसेल असे कप्पे क्रमाने भरले पाहिजेत. त्यानंतर ती माशांचे घर होईल, प्रवाळ धरेल आणि काही दशकांत हळूहळू कोसळेल. पावसाळ्याचे चार महिने तिथे कुणी उतरू शकणार नाही, तो महसूल हिशेबात धरू नका.

ट्रिंकोमाली नावाचे मुंबईत बांधलेले जहाज इंग्लंडमध्ये अजून तरंगते आहे, हे खरे का? मग लाकूड पोलादापेक्षा टिकाऊ म्हणायचे?
एक वाचक, अलिबाग

खरे आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली ते मलबारच्या सागवानात बांधले गेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. आज ते हार्टलपूलला आहे. १९८७ मध्ये तिथे आणल्यावर पुनर्बांधणीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. सागवानातले तेल त्याला वाचवते. पण सगळे श्रेय सागाला देऊ नये. जहाज जुन्या गोदीच्या बंद पाण्यात आहे, लाटा आणि भरती-ओहोटीचे हेलकावे नाहीत, आणि नियमित पैसा व कसबी सुतार मिळाले.

लाकडाला गोडे पाणी मारते, लोखंडाला खारे. लाकडी नौकेत पहिली काळजी डेकच्या फटींची, कारण पाऊस तिथून शिरतो. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनची लाकडी युद्धनौका व्हिक्टरी १९२२ पासून सुक्या गोदीत आहे, तरीही पावसाने तिचे ओक कुजले आणि भुंग्यांनी पोखरले. त्यावर सध्या अनेक वर्षे चालणारी दुरुस्ती सुरू आहे. तिच्यासाठी ब्रिटनने केलेली व्यवस्था आपल्याकडे अभ्यासण्यासारखी आहे. २०१२ मध्ये ती एका विश्वस्त संस्थेकडे गेली, गॉस्लिंग प्रतिष्ठानाने अडीच कोटी पौंड दिले आणि संरक्षण मंत्रालयाने तेवढेच घातले.

पोलादी नौका पाण्याबाहेर टिकवल्याचे उदाहरण जपानच्या योकोसुकात आहे. रशिया-जपान युद्धातल्या त्सुशिमाच्या लढाईतली युद्धनौका मिकासा १९२६ मध्ये काँक्रीटमध्ये पक्की बसवली गेली. आपल्याकडे विशाखापट्टणमची कुरसुरा पाणबुडी समुद्रातून ओढून किनाऱ्यावर बसवली आणि २००२ पासून लोक ती पाहतात. या दोघींना बुडण्याची भीती उरली नाही. गंजाशी लढाई राहिली, पण ती उजेडात, कोरड्या जमिनीवर उभे राहून लढता येते.

शाळांना छप्पर नाही आणि आपण तोफांना रंग देणार? मी शिक्षक आहे, म्हणून विचारतो.
एक वाचक, सातारा

छप्पर आधी. यात दुमत नाही. आमचे म्हणणे असे की प्रत्येक नौका जपू नये, एखादीच जपावी आणि तिला पुरेल एवढे द्यावे. दहा नौकांना अपुरे पैसे देण्यात शाळेचेही जातात आणि नौकाही जातात. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. तिने जे केले ते दुसऱ्या कुठल्या वस्तूतून समजेल का? आणि तिचा तळ आज मोजला तर किती उरला आहे? विक्रांत पहिल्या कसोटीला निर्विवाद उतरत होती. हजारभर माणसे पोलादाच्या पोटात कशी राहत, विमान तेवढ्याशा पट्टीवर कसे उतरत असे, हे तुमच्या विद्यार्थ्यांना चित्रातून कळत नाही. आम्हाला तिचे दुःख आजही आहे. जी नौका जपता येणार नाही तिचे निदान तोडण्याआधी लेझरने संपूर्ण मोजमाप करावे, आराखडे जपावेत, आणि कॅप्टनचा पूल किंवा एखादी तोफ किनाऱ्यावर कोरड्या जागी ठेवावी.

आमच्या नगरपरिषदेला निवृत्त गस्तीनौका मिळण्याची शक्यता आहे. कारवारच्या किनाऱ्यावर चपळ ही क्षेपणास्त्रनौका आहे, तशी ती बागेत ठेवायची आहे. काय काळजी घ्यावी?
एक नगरसेवक, रत्नागिरी जिल्हा

ठराव करण्याआधी देखभालीची रक्कम अर्थसंकल्पात स्वतंत्र शीर्षाखाली घ्या. बागेच्या खर्चात मिसळलीत तर तिसऱ्या वर्षी ती झाडांवर जाईल.

पाया जहाजाच्या आडव्या भिंती आणि मजबूत फासळ्यांखाली येईल असा आखा. दोन फासळ्यांच्या मध्ये आधार दिला तर पत्रा आत दबतो. नाळेकडची बाजू किंचित उंच ठेवा, चाळीस मीटरच्या नौकेला चाळीस सेंटिमीटर पुरतात, म्हणजे पाणी मागे वाहून जाईल. प्रत्येक कप्प्याच्या सर्वांत खालच्या बिंदूला ५० मिलिमीटरचे भोक पाडून जाळी बसवा. नौका आता तरंगायची नाही, भोकांची भीती बाळगू नका. इंधनाच्या टाक्या साफ करून वायुमुक्तीचा दाखला मिळेपर्यंत गॅसकटर जवळ आणू नका. आत हवा खेळेल अशी दोन विरुद्ध टोकांना झडपा ठेवा.

रंगाचे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा. आधी भरपूर गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा. मिठावर लावलेला रंग सहा महिन्यांत फोडांनी भरतो, आणि कोकणातली बहुतेक रंगकामे याच चुकीने वाया जातात. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असेल तेव्हाच इपॉक्सी रंग लावा. कडा, वेल्ड आणि रिव्हेट यांना ब्रशने एक हात आधी द्या, मग फवारणी.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी एका माणसाला बॅटरी देऊन प्रत्येक कप्प्यात उतरवा. जिथे पाणी साचलेले दिसेल तिथे खडूने खूण करून त्याच आठवड्यात आणखी एक भोक पाडा.